लेक नसलेल्या मुशीचं काय?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण माशावरून आहे, आणि भांडणारा माणूस कारंजा घाडग्याचा. म्हणजे जिथून समुद्र बघायचा तर आधी एसटीने नागपूर नाहीतर वर्धा गाठावं लागतं आणि पुढे अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. त्यातून गंमत अशी की आमच्या गावचं पाणी अरबी समुद्राला जातच नाही. आमची कार नदी वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी सगळं घेऊन बंगालच्या उपसागरात रिकामी होते. तेव्हा मुंबईच्या समुद्राशी आमचं नातं पाण्याचंही नाही. शाळेच्या पुस्तकातला '७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा' पाठ केला, परीक्षेत लिहिला, एक मार्क मिळवला, विषय संपला.

त्यामुळे मी शार्क माशावर काही बोलायला लागलो की नात्यातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "तुले काय करायचं हाय बाप्पा त्या मासोयीचं?" आणि ब्लॉगवाले मित्र म्हणतात, वाघावर लिही ना, तुमच्या जिल्ह्यात तर बोरचा व्याघ्रप्रकल्प आहे. वाघावर लिहायला माझी ना नाही. पण वाघाला वकील पुष्कळ आहेत. ज्याला वकील नाही त्याच्याबद्दल बोलावं म्हणतो.

आधी नावाचं बघू. कोकणात शार्कला कुठे मुशी म्हणतात, कुठे मोरी. गोव्याकडे मोरीचं आंबट-तीख होतं, मालवणाकडे सागुती होते. म्हणजे हा प्राणी किनाऱ्यावरच्या माणसाला इंग्रजी सिनेमातून कळलेला नाही, तो त्याच्या ताटातून कळलेला आहे. आपल्याला मात्र तो सिनेमातूनच कळला. पाण्यावर तिकोनी पर, मागे ढॅणढॅण संगीत आणि मग किंकाळी. आमच्याकडच्या दहा माणसांना शार्क म्हणजे काय असं विचारा, नऊजण हेच सांगतील.

आता या कुळातली सगळ्यात मोठी बाई बघा. व्हेल शार्क. नावात व्हेल असलं तरी देवमाशाशी तिचं काही नातं नाही. देवमासा सस्तन, फुप्फुसाने श्वास घेणारा. ही चक्क मासा, कल्ल्यांनी श्वास घेणारी, अंगात एकही हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. आणि आज जगात जिवंत असलेल्या सगळ्या माशांत मोठी. बारा मीटरची सहज असते, अठरा मीटरच्या आसपासच्या नोंदी आहेत. म्हणजे आपली एसटीची लाल गाडी तिच्यापुढे लहान पडेल. तोंड दीड मीटर रुंद, त्यात काही हजार दात, पण एकेक दात जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि खाण्यासाठी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. ती चावतच नाही. तोंड उघडून पाणी आत घेते, कल्ल्यांजवळच्या गाळण्यांतून ते बाहेर सोडते आणि मागे राहिलेला जीव गिळते. प्लवक, माशांची अंडी, बारीक कोळंबीसारखे प्राणी, छोटे मासे. तासाला काही लाख लिटर पाणी ती असं गाळते. आमच्याकडे चहाच्या गाळणीत चोथा राहतो ना, तो तिचा आहार समजा :)

पाठीवर पांढरे ठिपके आणि पट्टे असतात. प्रत्येक व्हेल शार्कचा नमुना वेगळा, आपल्या अंगठ्यासारखा. हे नमुने जुळवायला शास्त्रज्ञांनी काय वापरलं असेल? खगोलशास्त्रज्ञ आकाशाच्या फोटोंतले ताऱ्यांचे नमुने जुळवायला जी गणिती पद्धत वापरतात, ती! २००५ पासून ती या माशांच्या पाठीवर वापरली जाते. फोटो काढायचा, ठिपके म्हणजे तारे समजायचे, आणि ही बाई कोण ते ओळखायचं. ती दीड-दोन किलोमीटर खोल बुडी मारते. प्रवासाचं म्हणाल तर पनामाजवळ टॅग लावलेली एक मादी सुमारे अडीच वर्षांत वीस हजार किलोमीटरवर पॅसिफिक ओलांडून मारियाना गर्तेपर्यंत पोचली होती. आणि एवढं सगळं असून ती पिल्लं कुठे घालते, कशी घालते, हे आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. १९९५ मध्ये तैवानमध्ये एक गाभण मादी मारली गेली, तिच्या पोटात तीनशे भ्रूण निघाले. त्यावरून कळलं की ही अंडी बाहेर घालत नाही, पोटातच उबवते आणि पिल्लं जन्माला घालते. जगातल्या सगळ्यात मोठ्या माशाच्या बाळंतपणाबद्दल आपल्याला जी माहिती आहे ती बरीचशी एका मेलेल्या मादीकडून आली आहे.

तर ही बाई आपल्या देशात, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, हजारो वर्षं येत असावी. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर इकडचे मच्छीमार तिच्या यकृताचं तेल काढून लाकडी होड्यांना लावत, पाणी झिरपू नये म्हणून. तोवर ठीक होतं. मग १९९० च्या दशकात तिच्या मांसाला तैवानकडून भाव आला आणि शिकार सुरू झाली. मोठे लोखंडी आकडे पाठीत घालायचे, तिला थकवायचं, आणि ओढत बंदरावर आणायचं. शेकड्यांनी मारल्या गेल्या. माईक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. २००० साली त्याला ग्रीन ऑस्कर म्हणतात तो पुरस्कार मिळाला आणि दिल्ली जागी झाली. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. वाघ ज्या यादीत आहे तीच यादी. आपल्या देशात असं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा.

कायदा झाला म्हणून काही कोळी दिल्लीचं राजपत्र वाचत नाही. म्हणून २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं, टाटा केमिकल्स वगैरेंनी मोहीम काढली. मोरारीबापूंना पुढे केलं. बापूंनी सांगितलं की ही तर लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली. माहेरी आलेल्या लेकीला कुणी मारतं का? तिला नावही दिलं, 'व्हाली', म्हणजे लाडकी. आणि मंडळी, हे चाललं! ज्या मच्छीमारांनी आकडे टाकले होते तेच जाळी कापून तिला सोडायला लागले. गुजरात सरकारने कापलेल्या जाळ्याची भरपाई सुरू केली. गेल्या वीस वर्षांत तिथे सोडलेल्या व्हेल शार्कांची संख्या नऊशेच्या वर गेली आहे. जगात अशी उदाहरणं फार थोडी आहेत, आणि हे काम ज्यांनी केलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. यात मला खोट काढायची नाही.

माझं भांडण पुढे आहे.

या यशातून आपण जो धडा घेतला तो मला मान्य नाही. धडा असा घेतला की प्राण्याला वाचवायचं असेल तर त्याला आधी लेक करा, देव करा, निदान 'बिचारा निरुपद्रवी' तरी करा. व्हेल शार्कवर मराठीत, हिंदीत जे काही लिहिलं जातं त्यात दुसऱ्या वाक्यात हटकून येतं, 'हा महाकाय मासा माणसाला काहीही करत नाही.' जणू काही जगण्याच्या परवान्यासाठी हा चारित्र्याचा दाखला जोडणं आवश्यक आहे. सरपंचाची सही आणि शिक्का, 'सदर इसम निरुपद्रवी आहे.'

मग जिच्याकडे हा दाखला नाही तिचं काय करायचं?

खुल्या समुद्रात ती एकटी नाही. लांब शेपटीने माशांच्या थव्याला फटके मारणारी थ्रेशर आहे. रेशमासारख्या कातडीची सिल्की आहे. हातोड्यासारख्या डोक्याची हॅमरहेड आहे. विजेसारखी पळणारी माको आहे. आणि परांची टोकं पांढरी असलेली ओशनिक व्हाइटटिप आहे, जी एकेकाळी उष्ण समुद्रात इतकी होती की जगातल्या सगळ्यात संख्येने जास्त असलेल्या मोठ्या प्राण्यांत तिची गणना व्हायची. २०१९ मध्ये तिला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात टाकावं लागलं. या वर्गाच्या पुढे नामशेषच असतं. २०२१ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. १९७० पासूनच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकट यांची संख्या जगभरात ७१ टक्क्यांनी घटली. खुल्या समुद्रातल्या ३१ जातींपैकी २४ धोक्यात. कारण एकच, मासेमारी. शंभरातले एकाहत्तर गेले! वाघाच्या बाबतीत असा आकडा आला असता तर बातम्यांच्या चॅनेलवर आठवडाभर दुसरं काही दिसलं नसतं.

या सगळ्या चावणाऱ्या आहेत. शिकारी आहेत. यांना लेक म्हणायला कुणी बापू येणार नाहीत. आणि माझं म्हणणं हेच आहे की यायची गरजही नसावी.

आमच्या भागातली गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. कारंजा, आर्वी, आष्टी हा संत्र्याचा पट्टा. इथल्या शेतकऱ्याला दोन प्रकारची शेती कळते. एक सोयाबीनची. पेरा, शंभर-सव्वाशे दिवसांत काढा, यंदा बुडालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरा. दुसरी संत्र्याची. कलम लावल्यावर पहिला बहार घ्यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर पाणी द्या, डिंक्या आला का बघा, उन्हाळ्यात टँकर आणा. त्या बागेचं झाड कुणी फळासोबत तोडून नेलं तर आपण त्याला 'उत्पन्न घेतलं' म्हणत नाही. नुकसान झालं म्हणतो, आणि पंचनामा करायला तलाठ्याला बोलावतो.

समुद्रातही या दोन शेती आहेत. तारली म्हणजे सोयाबीन. वर्षभरात वयात येते, हजारोंनी अंडी घालते, एखादा हंगाम वाईट गेला तरी पुन्हा उभी राहते. मुशी म्हणजे संत्र्याची बाग, किंबहुना त्याहून हळू. व्हेल शार्क वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागत असावीत असा अंदाज आहे. व्हाइटटिप वर्षभर पोट वाहते आणि पाच-सहा पिल्लं देते, तेही एक वर्षाआड. थ्रेशरच्या काही जातींना एका खेपेला दोनच पिल्लं होतात. दोन! आपल्या गवळाऊ गाईपेक्षा फार काही वेगळा हिशेब नाही हा. माशाची अंडी लाखांनी असतात, समुद्र अफाट आहे, कितीही काढा, ही जी आपली समजूत आहे ती मुशीला लागूच होत नाही. आणि तरी बंदरावर दोन्ही एकाच काट्यावर मोजल्या जातात. एक टन तारली आणि एक टन मुशी. कागदावर दोन्ही 'उत्पादन'. बाग तोडून त्याचा सोयाबीनसारखा उतारा लिहायचा हा प्रकार आहे, आणि माझा राग या हिशेबावर आहे.

आता आक्षेप घेऊ. मला माहीत आहे ते कोणते येणार.

पहिला. शार्क माणसं खाते. बरं. जगभरात वर्षाकाठी शार्कच्या हल्ल्यात मरणाऱ्यांची संख्या बहुतेक वर्षी दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आपल्या देशात साप चावून दर वर्षी हजारो माणसं जातात, तरी नागपंचमी बंद केलेली नाही. पण मला हा युक्तिवाद फार ताणायचा नाही, कारण ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला टक्केवारी सांगणं हा निर्लज्जपणा असतो. मी दुसरंच सांगतो. वाघ माणसं खात नाही का?

कारंज्याच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक वाघीण गळ्यात रेडिओ कॉलर घालून बोरच्या जंगलात आणून सोडली. ती बोरमध्ये राहिली नाही. वर्धा जिल्ह्यातून, अमरावतीच्या बाजूने, शेकडो किलोमीटर फिरत राहिली. माणसं मारली. गोळी घालायची की नाही हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. तेव्हा आमच्याकडे लोकांनी रात्रीची राखण सोडली होती, आणि ऐन खरिपाच्या तोंडावर राखण सोडणं म्हणजे रानडुकरांना आणि रोह्यांना पंगत वाढणं. शेवटी ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातल्याच एका शेताच्या कुंपणातल्या वीजप्रवाहाने ती मेली. त्या अडीच महिन्यांत आमच्या लोकांनी काय भोगलं ते मुंबई-पुण्यात बसून 'वाघ वाचवा' म्हणणाऱ्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही. तरीही वाघ अनुसूचीतून काढा असं कुणी म्हटलं नाही. वाघ कुणाची लेक नाही, निरुपद्रवी तर नाहीच नाही, तरी तो राहिला पाहिजे हे देशाने ठरवलं आणि आम्ही, कुरकुरत का होईना, ते मानलं. तेव्हा 'शार्क धोकादायक आहे' हे कारण देणाऱ्याने आधी वाघाचं उत्तर द्यावं. डोंगरातल्या शिकाऱ्याला एक न्याय आणि पाण्यातल्या शिकाऱ्याला दुसरा, हे जमणार नाही.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. कोळ्याच्या पोटाचं काय? या प्रश्नाला बगल देऊन शार्कवर लिहिणाऱ्या माणसाचं काही वाचू नका, माझंही वाचू नका. मुशी बहुतेक वेळा मुद्दाम पकडलेली नसते. सुरमईसाठी, ट्यूनासाठी टाकलेल्या जाळ्यात किंवा गळाच्या लांब दोरीवर ती येते. आलेली मुशी विकली तर त्या दिवसाचं डिझेल निघतं. आपण सव्वाशे-दीडशे रुपये किलोचं तेल महागलं म्हणून ओरडणारे लोक, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की परत सोड?

आणि सरकारने या बाबतीत काय केलं ते बघा. मे २००१ मध्ये व्हेल शार्क यादीत घेतली हे बरोबरच होतं. पण जुलै २००१ मध्ये झटक्यात सगळ्याच शार्क आणि पाकट यादीत टाकल्या, मच्छीमारांना न विचारता. साहजिकच किनाऱ्यावर बोंब झाली. मग डिसेंबरमध्ये त्यातल्या दहा जाती ठेवून बाकीच्या काढून टाकल्या. सहा महिन्यांत सगळं आणि सहा महिन्यांत जवळपास काहीच नाही! विचारून, समजावून, टप्प्याटप्प्याने काही करणं नाहीच. नंतर २०१३ मध्ये नियम आला की पर कापून धड समुद्रात फेकायचं नाही, शार्क अख्खी किनाऱ्यावर आणायची. २०१५ मध्ये परांची निर्यात बंद केली. दोन्ही नियम ऐकायला उत्तम. पण आपल्याकडचे मच्छीमार मुशी बहुतेक अख्खीच आणतात, कारण तिचं मांस इथे खाल्लं जातं. म्हणजे या नियमांनी जाळ्यात येणारी मुशी फारशी कमी झाली नाही, परांचा धंदा मात्र चोरट्या वाटेने गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला मिळून सुमारे आठ हजार किलो पर पकडले. आठ हजार किलो पर म्हणजे किती मुशी होतात त्याचा हिशेब तुम्हीच करा. कायदा दुसऱ्या देशातल्या दुखण्यावरचं औषध आणून आपल्या दुखण्यावर लावत बसला.

त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये केली. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर भरपाई. योजना सुरू झाली तेव्हा कमाल पंचवीस हजार रुपये. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाने मिळून केलेली योजना आहे, फोटो पुरावा म्हणून चालतो. आमच्याकडे वाघाने गाय मारली की पंचनामा होऊन भरपाई मिळते, तोच न्याय समुद्राला लावला. याचं मनापासून स्वागत. पण भरपाईच्या अर्जामागे फिरलेल्या विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की भरपाई किती यापेक्षा ती कधी मिळते यावर सगळं अवलंबून असतं. जाळं कापल्यावर कोळी उद्या कशाने मासे धरणार? मोठं जाळं लाखाच्या घरात जातं. पैसे पुढच्या हंगामात आले तर मधल्या हंगामात त्याने मुशीचे आशीर्वाद खायचे का? उपकार म्हणून नव्हे, देणं म्हणून ते पैसे ठरलेल्या दिवसांत त्याच्या खात्यात पडले पाहिजेत. समुद्र वाचवायचा खर्च सगळ्या राज्याचा आहे, तो वसई-डहाणूच्या एका तांडेलाच्या खिशातून काढणं अन्याय आहे. वाघाच्या वेळी आम्ही हेच म्हणत होतो. तेव्हा आम्ही तरी हे विसरता कामा नये.

आणि ही भरपाई अनुसूचीतल्या जातींपुरतीच आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, यादी वाढली हे खरं. पण यादीबाहेरची गाभण मुशी कुणी सोडली तर त्याला शाबासकीपलीकडे काही नाही.

तिसरा आक्षेप आमच्या घरचा. आपला काय संबंध? याचं उत्तर मी तत्त्वज्ञानाने देणार नाही. आपल्या कापसाच्या गाठी कुठून परदेशी जातात? बंदरातून. आपल्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला ड्राय पोर्टचा प्रकल्प आणला तो कशासाठी? जवाहरलाल नेहरू बंदराशी जोडायला. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला तो मुंबईकडेच. आता डहाणूजवळ वाढवणला महाकाय बंदर होऊ घातलं आहे, जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. त्याने विदर्भाचा माल स्वस्तात जाईल म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही असणार. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी व्हेल शार्कांच्या उपग्रहावरून मिळालेल्या वाटा आणि मालवाहू जहाजांच्या वाटा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. त्या इतक्या ठिकाणी एकावर एक येतात की जहाजाच्या धडकेने मरणाऱ्या व्हेल शार्कांची संख्या आपण समजतो त्याहून बरीच जास्त असणार असा त्यांचा निष्कर्ष आहे. मेलेली शार्क तरंगत नाही, बुडते. म्हणून दिसत नाही, म्हणून मोजली जात नाही. तेव्हा समुद्राचा फायदा आपला आणि समुद्राचा भार कोळ्याचा, असं होत नसतं. रस्ता जोडला की जबाबदारीही जोडली जाते.

मग करायचं काय, असं विचाराल. माझ्या मागण्या फार नाहीत.

बंदरावर उतरणाऱ्या मुशीची नोंद जातीनिहाय आणि मापानिहाय व्हावी, नुसती 'शार्क, अमुक किलो' अशी नव्हे. सोयाबीन आणि संत्रं एकाच रकान्यात लिहिणं बंद करा. गाभण आणि पिल्लू मुशी सोडणाऱ्याला, ती अनुसूचीत असो नसो, काहीतरी मोबदला मिळावा. त्यातही आधी कोळीवाड्यात बसून बोलावं आणि मग नियम करावा, २००१ सारखं उलटं नको. भरपाईला मुदत घालावी. आणि शाळेच्या पुस्तकात त्या ७२० किलोमीटरच्या शेजारी एक ओळ टाकावी की या किनाऱ्यासमोर जगातला सगळ्यात मोठा मासा येतो. विदर्भातल्या पोरालाही ते आपलं वाटू द्या. बोरचा वाघ कोकणातल्या पोराला आपला वाटतोच की.

एक आपल्या हातातलंही आहे. गोव्याला, मालवणला फिरायला जाणारे आपल्यात कमी नाहीत. तिथे हॉटेलात 'बेबी शार्क' मिळते आणि चवीला चांगली लागते असं सांगणारे भेटतात. ती मुशीची लहान जात असू शकते, तशीच वयात न आलेली मोठ्या जातीची पोरही असू शकते, ताटात आल्यावर आपल्याला कळणार नाही. तेव्हा मागवू नका. बांगडा खा, तारली खा, बोंबील खा. आमच्या बाजारात सुकट-बोंबील येतातच, त्यांच्यावर कुणाची हरकत नाही.

व्हालीला माहेर मिळालं याचा आनंदच आहे. पण माहेर फक्त गोड लेकीला मिळतं, तोंडाळ आणि तापट लेकीला नाही, असं ज्या घरात असतं त्या घराबद्दल आपण काय बोलतो ते आठवा. मुशीने लाडकं असावं, सुंदर असावं, शांत असावं ही अट घालायचा आपल्याला काही अधिकार नाही. ती माणसाच्या किती तरी आधीपासून या समुद्रात आहे, तिचं कुळ चाळीस कोटी वर्षांच्या घरातलं आहे, आणि तिला संपवायला आपल्याला पन्नास वर्षं पुरू लागली आहेत. हे थांबवायला एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. तुम्हाला पुरेसं वाटत नसेल तर खाली लिहा, भांडू. काकाजी, तुम्ही पण लिहा. फोनवर नको, इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.